हाकेसरशी

सान्तियागो, ४ ऑक्टोबर

ती. स्व. साबेलाताईस,
एलॉयचा शि. सा. न. वि. वि.

उपचार केंद्रात फोन चालत नाही, म्हणून हा कागद. कोकेन सोडून आज सत्तावन्न दिवस झाले. तुझं मनगट कसं आहे?

काल डॉक्टर कार्बायोबाईंनी मला बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. पडद्यावर अक्षर आलं की बटण दाबायचं, तेच अक्षर लागोपाठ आलं की बोट आवरायचं. पोराटोरांचा खेळ, पण मी निम्म्या वेळा दाबलंच. बाई म्हणाल्या, बोट सगळ्यांचंच चुकतं, पण चुकल्यावर मेंदूचा जो भाग दचकून जागा होतो, तो तुझा कोकेनने गप्प केलाय. मला मार्चमधली लाट आठवली. तू वरून ओरडत होतीस ते मला ऐकू येत होतं, ताई. शपथ! तरी हात खडकाला चिकटलेले पर्सेबेस, ते सोन्याच्या भावाचे शिंपल्यासारखे जीव, खरवडतच राहिला, आणि मला दोराने वर ओढताना तुझं मनगट मोडलं.

नाताळात मला पुन्हा दोरावर घेशील, खडकाखाली सोडशील?

तुझा,
एलॉय


कोर्मे, १५ ऑक्टोबर

चि. एलॉयस अनेक आशीर्वाद.

मनगट पावसात ठणकतं, पण तुझा कान पिळण्यापुरतं बरं आहे. सात महिने मला वाटत होतं, तू मला जुमानलं नाहीस. आई म्हणायची, पोराला कळतं पण वळत नाही. तो टोमणा नव्हता, दुखणंच होतं म्हणायचं. निम्मा राग उतरला. निम्मा ठेवते, लागेल.

दोराचं विचारशील तर नाही. आपल्याबरोबर खडकावर येणारा रामोनकाका म्हणतो, त्या यंत्रात लाट येते का ते विचार. खडूस आहे, पण बरोबर बोलतो.

जेवत जा.

तुझी,
ताई


सान्तियागो, १० डिसेंबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

पुन्हा यंत्रात गेलो. अजून चुकतो, पण चुकलो की तो भाग उजळतो! बाईंनी चित्र दाखवलं, चण्याएवढा ठिपका. मी ढसाढसा रडलो. शनिवारी एक दिवसाची सुट्टी आहे. दोर नको तर नको, तुझी टोपली धरीन.

एलॉय


कोर्मे, १६ डिसेंबर

चि. एलॉयस अनेक आशीर्वाद.

शनिवारी ऐनवेळी मीच तुझ्या कमरेला दोर बांधला आणि तुला खाली सोडलं. तुझ्या हाताखाली अंगठ्याएवढे जाड पर्सेबेस, त्यात नाताळचा भाव. मी हाक मारली. तू मागे वळून पाहिलंस. समुद्र थाळीसारखा सपाट होता. तरी पटाशी तिथेच टाकून तू सरसर वर आलास. मग मला जी शिवी हासडलीस, ती ऐकून रामोनकाकाने टोपी काढली.

लाट नव्हतीच रे. मी मुद्दाम ओरडले होते. यंत्राने तुला पास केलं, मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. घरी येऊन मी एकटीच नाचले.

केंद्रातून सुटलास की पहिल्या ओहोटीला ये. मनगट पक्कं झालंय. खाली मी उतरणार, दोराचं वरचं टोक तू धरायचंस, आणि हाकही तूच मारायचीस.

लोभ होताच, आता भरवसाही आहे.

तुझी ताई,
साबेला