साठ टक्के हात

३ मार्च, सकाळी १०
डाव्या हाताने लिहितोय, म्हणून मोजकंच. काल उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. रस्ता ओलांडताना बिस्किट कंपनीच्या व्हॅनने उडवलं, त्याला सात आठवडे झाले. चूक ड्रायव्हरची, पोलिसांनीच तसं लिहिलंय. बोटं कडक आहेत. डॉक्टर म्हणाले, पुढचे तीन महिने महत्त्वाचे. रोज व्यायाम केलात तर बोटं मिटतील, कात्री धराल. धरणारच! तीस वर्षं कोट कापतोय. उद्यापासून फिजिओथेरपी, एकही दिवस चुकवणार नाही.

८ मार्च
चार दिवस गेलो. व्यायामवाल्या बाई बोटं अक्षरशः पिळतात. काल मी इतका ओरडलो की बाकावरच्या म्हातारीने मला खडीसाखर दिली. आज गेलो नाही. विश्रांती हाही उपचारच.

११ मार्च
वकीलसाहेबांनी भरपाई समजावली. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेलं दुखणं, हे सगळं व्हॅनच्या विमा कंपनीने द्यायचं. पण खरी रक्कम ठरते डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर. हात जितके टक्के कायमचा निकामी, तितकी भरपाई जास्त. शेवटी म्हणाले, उपचार मात्र चालू ठेवा. ते सगळ्यांनाच सांगत असतील.

बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. हात सुधारला तर टक्के उतरणार! म्हणजे मी पदरमोड करून, वर ओरडून, स्वतःचंच नुकसान करत होतो.

१२ मार्च
प्लॅन पक्का. सर्टिफिकेट सहा महिन्यांनी. तोवर हात आहे तसा ठेवायचा. ते मिळालं की दुसऱ्या दिवसापासून दणकून व्यायाम. एकाच कापडात दोन कोट! हिला सांगितलं नाही. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२ एप्रिल
रोज दहाला खांद्यावर टॉवेल टाकून ‘व्यायामाला’ निघतो. बागेत बसतो. निघताना टॉवेल नळाखाली ओला करतो, घाम म्हणून. बारकावे महत्त्वाचे. ही रोज तो धुऊन वाळत घालते आणि विचारते, आज काही फरक? मी म्हणतो, हळूहळू.

दुकान हीच उघडते. फॉल, काजं, उसवलेलं शिवणं, एवढंच घेते. बँकेतल्या साहेबांचा काळा कोट अर्धा कापून राहिलाय. कापडावर माझ्या खडूच्या खुणा अजून आहेत. साहेब थांबायला तयार आहेत. भला माणूस.

१९ एप्रिल, दुपारी
घात होता होता वाचलो. टेबलावरून रीळ घरंगळलं आणि उजव्या हाताने ते झेललं. आपोआप! मुलगी ओरडली, बाबा, बोटं मिटली! टाळ्या पिटत नाचायलाच लागली. मी तिच्यावर खेकसलो. रडत आत गेली. मलाही वाईट वाटलं. पण हे सगळं तिच्यासाठीच चाललंय ना?

आता घरातही बोटांना लाकडी पट्टी बांधून ठेवतो. हिला सांगितलं, बाईंनीच सांगितलंय.

३० मे
पट्टी सोडली. बोटं सरळच राहिली. मिटायला सांगितलं तरी मिटेनात. डाव्या हाताने दाबून पाहिली, तरी नाही. पण हेच तर हवं होतं.

९ सप्टेंबर
साठ टक्के! डॉक्टर बराच वेळ माझा हात हातात धरून बसले होते. म्हणाले, मास्तर, असं व्हायला नको होतं. मी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

१० सप्टेंबर
आजपासून व्यायाम. बाईंनी एकेक बोट वाकवून पाहिलं. म्हणाल्या, सांधे धरलेत, आता फार काही होणार नाही. इतके दिवस कुठे होतात? या बाई जरा निराशावादीच आहेत. दुसरीकडे बघतो.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
कोर्ट. विमा कंपनीच्या वकिलाने दवाखान्याचं हजेरीचं रजिस्टर काढलं. तीन महिन्यांत माझ्या चार सह्या. डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं, व्यायाम केला असता तर वीस टक्क्यांवर भागलं असतं. तो वकील म्हणाला, हात आमच्या गाडीने मोडला हे मान्य, पण त्याचं लाकूड यांनी स्वतः केलं. न्यायाधीशबाईंनी वीसच टक्के धरले. नुकसान वाढू न देणं हे जखमी माणसाचंही काम असतं, म्हणाल्या. वकीलसाहेब माझ्याकडे बघेनात.

ही मागच्या बाकावर होती. घराच्या पायरीवर एवढंच म्हणाली, तो टॉवेल मी रोज धुवायचे हो.

२४ नोव्हेंबर
हिने काळा कोट टेबलावर पसरला. मुलीने दुसरं टोक धरलं. मी कात्री उचलायला गेलो. अंगठा गेला, बोटं शिरेनात. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा हिने कात्री अलगद काढून घेतली. म्हणाली, कुठून कापू, तेवढं सांगा.

डाव्या हाताने दाखवलं.