झाकणभर झोप

ओझर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोहिनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पार्सल पोचलं. फोन करणार होतो, पण तू कानातलं यंत्र कपाटात ठेवून फोन घेतेस, मग मी ओरडतो आणि शेजारचे भिकनराव काय झालं म्हणून विचारायला येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला तगराचा अर्क सुरू केला. बाटलीवर व्हॅलेरियन लिहिलंय. वास थेट पायमोज्यांचा. सूनबाईने, वेदिकाने, योगेशचे सगळे मोजे दोनदा धुतले तरी घरातला वास जाईना. बाटली मी उशीमागे सरकवली. माझ्या खिडकीत हल्ली तीन मांजरं येऊन बसतात. त्यांना वास आवडलेला दिसतो.

बाटलीचा ड्रॉपर मात्र लय भारी. कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो, पण इतका नेमका थेंब सोडणारी वस्तू हाताला लागली नव्हती. तो तुझ्या वहिनीच्या, बयाच्या शिलाई मशीनला तेल घालायला ठेवला. मशीन आता कोणी चालवत नाही, पण गंजू कशाला द्यायची. औषध झाकणाने घेतो, आई आपल्याला सगळं पाजायची तसं. आधी एक झाकण घ्यायचो. गुण येईना म्हणून आता दोन.

हर्नियाचं ऑपरेशन १७ तारखेला ठरलं. दवाखान्याच्या फॉर्मवर चालू औषधं विचारली होती. बीपीची गोळी लिहिली. झाडपाल्याचं काय लिहायचं? सर्दीची एक गोळीही घेतोय, तिने डोळे जड होतात, ते बरंच आहे. सकाळी थोडी सुस्ती असते. काल स्कूटरवर दूध आणायला निघालो, तो डेअरी मागे टाकून हायवेला लागलो. परत आलो. काळजी नसावी.

दाजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा, सावळीराम


देवळाली कॅम्प, ६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास मोहिनीचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा खाली बसून वाचलं. उत्तर स्पीडपोस्टाने पाठवतेय, यावरून काय ते समज.

तीस वर्षं मी वॉर्डात नर्स होते. गोळ्या उशीखाली लपवणारे पाहिले, कुंडीत पुरणारे पाहिले. ड्रॉपर काढून शिलाई मशीनला लावणारा पेशंट मात्र माझ्याच माहेरी निघाला. पंधरा थेंब, अर्धा कप पाण्यात, झोपायच्या तासभर आधी, अशी चिठ्ठी मी बाटलीला रबरबँडने बांधली होती. ती वाचलीस का? आत्ता माझ्याकडच्या तसल्याच बाटलीचं झाकण ड्रॉपरने पाणी घालून मोजलं, तर नव्वद थेंब मावले. दाजी विचारत होते, बरी आहेस ना.

शिवाय तो अर्क मद्यार्कात काढलेला असतो. योगेशच्या हळदीत कोणाच्या तरी पिशवीत बाटली दिसली, तर तू मांडव सोडून गेला होतास. आता रोज दोन झाकणं घेतोयस.

सर्दीची ती गोळी आजपासून बंद. दोन्हींनी गुंगी येते, ती एकावर एक चढते. स्कूटरची किल्ली वेदिकाकडे दे. तगर काही बटण दाबल्यासारखं चालत नाही, गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर वाढवत जायचं नसतं.

आणि सगळ्यात आधी दवाखान्यात जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांग. भूल आणि हे एकत्र आलं तर माणूस किती खोल जाईल याचा त्यांना अंदाज हवा. ठाऊक असेल तर ते सांभाळून घेतील, तारीख पुढे नेतील, कसं बंद करायचं तेही सांगतील. ठाऊकच नसेल तर ते तरी काय करणार? बाटली मी पाठवली आहे दादा. तुला काही झालं तर ती मी पाठवलेली असेल.

लोभ असू द्यावा, झाकण टाकून द्यावं.

तुझी मोहिनी


ओझर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोहिनीस आशीर्वाद.

वि. वि. चिठ्ठी सापडली, चष्म्याच्या डबीत होती. सर्दीची गोळी बंद केली. किल्ली वेदिकाकडे दिली, तिने कारण विचारलं, मी गुडघा म्हणालो. ड्रॉपर साबणाने तीनदा धुतला. पंधरा थेंब घेतो, थोडा मशीनच्या तेलाचा वास येतो. अडुसष्ट वर्षं दारूला शिवलो नाही आणि आता झाकणाने प्यालो, हे भिकनरावांना कळू देऊ नकोस.

पण डॉक्टरांना सांगणं जमायचं नाही. ते विचारणार कशासाठी घेता, आणि योगेश शेजारी उभा असणार. दिवाळीनंतर बया गेली तेव्हा पोराने अन्न टाकलं होतं. पंधराव्या दिवशी मी त्याला म्हणालो, मी सावरलो, मला छान झोप लागते. त्या दिवसापासून तो नीट जेवतो. आता दवाखान्यात सगळ्यांदेखत ते खोटं ठरवू?

तुला सांगायला हरकत नाही. ती घोरायची. एक्केचाळीस वर्षं मी रोज सकाळी तक्रार केली. आता खोलीत काहीच आवाज नसतो. पंखा मोठा करून पाहिला, नाही जमलं.

सतराला भेटू. ऑपरेशन किरकोळ आहे.

दादा


देवळाली कॅम्प, ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास सा. न.

योगेशला फोन करायला मला दोन मिनिटं लागतील. करत नाही, कारण हे तुझं तू सांगायचं आहे. पण परवापर्यंत सांगितलं नाहीस तर मी रिक्षा करून दवाखान्यात येईन आणि यंत्र न घालता बोलेन. पूर्ण मजल्याला ऐकू जाईल.

वहिनीला जाऊन तीन महिने झाले. मीही तुला विचारलं नाही, तू कसा आहेस. बाटली पाठवली आणि मोकळी झाले. ते चुकलं माझं. आई-बापू गेल्यावर माहेर म्हणजे तू एकटाच उरला आहेस. मला भीती वाटते, दादा.

लोभ ठेवायला माणूस जागेवर लागतो, एवढं लक्षात असू दे.

मोहिनी


ओझर, १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. सांगितलं. परवा योगेशला घेऊन गेलो, बाटली, ड्रॉपर आणि झाकण पिशवीत घालून. भूल देणाऱ्या डॉक्टर पोरसवदा आहेत. बाटलीचा वास घेऊन त्यांनी लगेच बूच लावलं. किती दिवस, किती, झाकण केवढं, सगळं विचारून लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. सांगितलंत ते फार बरं केलंत म्हणाल्या. मग विचारलं, कशासाठी घेत होता.

मी म्हणालो, "बायको घोरायची. आता घोरत नाही."

त्यांचं पेन थांबलं. योगेश भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता. तो लहान बाळांचा तक्ता होता, त्याने शेवटपर्यंत वाचला.

ऑपरेशन ४ मार्चला ढकललं. अर्क कसा कमी करत बंद करायचा ते डॉक्टरांनी तारखा घालून कागदावर दिलंय, तो कागद या वेळी भिंतीवर चिकटवला आहे. घरी येताना योगेशने वाटेत गाडी थांबवून डझनभर केळी घेतली, का ते कळलं नाही. जेवण झाल्यावर आपली गादी उचलून माझ्या खोलीत आणली. म्हणाला, त्याच्या खोलीतला पंखा आवाज करतो.

मोहिने, तो हुबेहूब बयासारखा घोरतो. मध्येच थांबतो तोही तसाच, आणि आपण श्वास धरून वाट बघत बसतो. काल मला साडेसातला जाग आली. सवयीने तक्रार करणार होतो, पण केली नाही.

मांजरं यायची थांबली. कागदावरचे थेंब संपले की ड्रॉपर पुन्हा मशीनच्या खणात जाईल. उरलेली बाटली मग तुला परत पाठवणार होतो, तेवढ्यात एक अडचण आली. त्या दोघांच्या खोलीत आता फार शांत असतं, त्यामुळे वेदिकाला झोप लागत नाही. ती काल बाटलीवरचं लेबल वाचत होती. तिच्या हाती लागू नये म्हणून बाटली भिकनरावांच्या कपाटात ठेवली आहे, रात्रीचे थेंब तिथेच जाऊन घेतो. दाजी इकडे येतील तेव्हा घेऊन जायला सांग, आणि येताना तूही ये.

तुझा दादा