खाली येताना आधी कंबर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो, ‘ताई, तुम्ही मध्ये पडू नका!’ मी नाही पडणार तर कोण पडणार? पोरगी माझी! दोन वर्षं हाच कोच तिच्या मागे उभा राहून घसा फोडत होता — खाली येताना आधी कंबर! मग खांदे, मग हात! ऐकून ऐकून माझंसुद्धा पाठ झालं. मी क्लबाच्या गोल्फ-सरावाच्या मैदानावर बॉल गोळा करायची गाडी चालवते. शाळा चौथीत सुटली. काठी धरता येत नाही. पण एवढं कळतं की काठी वरून खाली येताना कंबर आधी वळली की हात आपोआप ओढले जातात, आणि बॉल सुटतो तो थेट लांबच्या झेंड्याकडे.

आणि आता? आता माझ्या पोरीला म्हणतो, ‘कंबर शांत ठेव. हातांनीच मार.’ शेजारच्या चटईवर डॉक्टरीणबाईची मुलगी. तिला मात्र — ‘फिरव! अजून फिरव! सोड कंबर!’

कोच एक आणि शिकवण्या दोन. तेवीस तारखेला, रविवारी निवड आहे. आमच्या क्लबातून एकच मुलगी अकादमीत जाणार. राहणं, शिकणं, खेळणं, सगळं तिकडेच. एकच! मी काय दूधखुळी आहे?

५ फेब्रुवारी

आज गाडीतून नीट बघितलं. गाडीला चारी बाजूंनी जाळी. बॉल येऊन ताडताड आदळतात. आत कोण बसलंय तिकडे कोणी बघत नाही. मी मात्र सगळ्यांना बघते.

पोरीची कंबर अर्ध्यात थांबते. दार फुगून अडकावं तशी. कंबर थांबली की हात पुढे पळतात, काठीचं तोंड आत मिटतं, आणि बॉल डावीकडे वळून कुंपणाशी पडतो. आधी तिचे बॉल उचलायला मला पार टोकाला जावं लागायचं. आज सगळे डावीकडच्या गवतात, कोंबडीने जागा धरून अंडी घातल्यासारखे! आणि डावं पाऊल बाहेर वळवून उभं करतो तिला. बदक!

कोचच्या पायात नवे बूट आहेत. पांढरेशुभ्र. कोणी दिले?

७ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे बस चालवतात. घरी आले की तोंडालाही ब्रेक. म्हणाले, ‘बूट फाटले की माणूस नवे घेतो.’ मी म्हटलं, बरोबर निवडीच्या महिन्यातच फाटतात? तर म्हणे, ‘तू पोलिसात जायला हवं होतंस. चोर आपणहून येऊन बसले असते, आम्हाला आत घ्या पण बाईंना आवरा म्हणून.’ आणि आपल्याच विनोदावर हसत हात धुवायला गेले.

यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

८ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीशी बोललेलं परवडलं! भिंतीनेच सांगितलं आज.

कोचने पोरीला घरी करायला एक व्यायाम दिला होता. भिंतीकडे पाठ करून, थोडं अंतर ठेवून उभं राहायचं. हात वर नेताना उजवा कुल्ला मागे भिंतीला टेकवायचा, खाली येताना डावा. रोज करून करून स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर दोन काळपट डाग पडले होते. मी आरडाओरडा करून मागच्या महिन्यात रंग लावून घेतला. आज पुसायला गेले तर नव्या रंगावर पुन्हा डाग — पण एकच! उजव्या कुल्ल्याचा. डाव्याच्या जागी भिंत कोरी.

विचारलं. ‘दुसरा कुठे गेला?’

‘आई, डाग पडला तरी ओरडतेस, नाही पडला तरी ओरडतेस.’

‘सरळ उत्तर दे.’

‘सर म्हणाले एवढंच कर.’

मान खाली घालून बोलली. माझी पोरगी, आणि मान खाली? जन्मल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा देऊन भांडत आलीय ती! कुठेतरी पाणी मुरतंय. कोच तिला सांगतो आणि ती मुकाट्याने ऐकते. काय कबूल करून घेतलंय तिच्याकडून?

११ फेब्रुवारी

पकडलं!

दुपारी गाडी धुवायला मागे नेली. काठ्या ठेवायच्या खोलीचं दार लोटलेलं. आत माझी पोरगी बाकावर आडवी, डॉक्टरीणबाई तिच्या कमरेशी वाकलेली, एका हाताने तिचा गुडघा धरलेला. कोच खिडकीशी पाठ करून. हळू आवाजात चाललं होतं. मला एवढंच ऐकू आलं — ‘या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, त्यात काय!’

मी दार ढकललं. पोरगी ताडकन उठून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाली, ‘अहो, काही नाही, जरा स्नायू आखडला होता.’ गोड हसून. स्वतःची मुलगी निवडीला उभी असताना ही माझ्या पोरीचे पाय चेपणार? मोठ्या दवाखान्यातली बाई? आणि पुढच्या वर्षी म्हणजे काय? या वर्षी हिची, पुढच्या वर्षी माझी, असं वाटून घेतलंय का खेळ?

घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. मी बोलले. भरपूर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं सगळं. कंबर, चटया, बूट, बंद खोली. म्हटलं, साहेब, नोकरी गेली तरी चालेल, पण मी गप्प बसणार नाही. साहेब पेन टकटक करत राहिले. मग म्हणाले, ‘बरं. कोच बदलून देतो.’

संध्याकाळी कोच फाटकाशी भेटला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, ‘ताई, तिला पूर्ण जोराने फार मारू देऊ नका.’

‘का? तुमच्या लाडकीच्या पुढे जाईल म्हणून?’

काहीतरी बोलणार होता. माझ्या मागे पोरगी उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि मूग गिळले. खरा असता तर बोलला असता की नाही?

१४ फेब्रुवारी

नवीन कोच म्हणजे जुना खेळाडू. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. पहिल्या फटक्यालाच ओरडला, ‘कंबर आहे की कुलूप? उघड की!’

आणि उघडली! काठी वर गेली, क्षणभर थांबली, आणि हात हलायच्या आधी कंबर फिरली — सर्रकन, चुलीवरून भांडं उतरवताना बाई फिरते तशी, एका झटक्यात. मग खांदे. मग हात. असा आवाज आला की शेजारच्या चटईवरची डॉक्टरीणबाईची मुलगी थांबून बघायला लागली. बॉल माझ्या गाडीवरून गेला. झेंड्याच्या पुढे! मी जाळीत बसून एकटीच टाळ्या वाजवल्या.

बरोबर होते मी. बरोबर होते! येऊ दे आता तो रविवार.

पोरगी हसली नाही. काठीवर भार देऊन उभी राहिली. नखरे.

१६ फेब्रुवारी

जिना एकेक पायरी चढते. कठडा धरून. मी म्हटलं, सतरा वर्षांची आहेस की सत्तरची? ‘दमले.’ दमली म्हणे! जुना कोच गेला म्हणून रुसलीय, दुसरं काय. मला दाखवायला चाललंय सगळं. बघून घे, तुझ्यामुळे किती त्रास होतोय मला, असं. मी तिची आई आहे, असली नाटकं मी माझ्या आईपुढे करून बसलेय.

हे म्हणाले, ‘एकदा विचारून तरी बघ.’ मी रोज विचारतेच! ‘तू विचारत नाहीस, उलटतपासणी घेतेस.’

एवढं बोलायला यांना लग्नानंतर वीस वर्षं लागली.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई मैदानात चालत आली, गाडीपर्यंत. काहीतरी सांगायचं होतं. आजूबाजूने बॉल पडत होते, तरी उभी. मी जाळीचं दार उघडलं नाही. इंजिन चालूच ठेवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पोरीने आतून हाक मारली. ‘आई, मोजा घालून दे.’ पलंगावर बसलेली. डावा पाय उचलतच नव्हता.

मग सांगितलं तिने. खुब्याच्या सांध्यात आतून फाटलंय. डिसेंबरपासून. डॉक्टरीणबाईनेच तपासलं, फोटोही काढले. पूर्ण कंबर फिरवली की आणखी फाटणार. कोच अर्ध्या कमरेवर शिकवत होता ते एवढ्यासाठीच, निदान खेळता तरी यावं म्हणून. दोघांना तिने शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही. आणि ते आठ दिवस मिशीवाल्यापुढे? ‘तू टाळ्या वाजवत होतीस ना.’

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? खालच्या मानेने नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कारण तू एकतर खेळ बंद केला असतास, नाहीतर तसंच खेळायला लावलं असतंस. आई, यातलं तू काय केलं असतंस तेच मला कळत नव्हतं.’

मोजा माझ्या हातातच होता.

‘आता तुला कळलंय. तर सांग. रविवारी पूर्ण फिरवू, अर्धी फिरवू, की जाऊच नको? शनिवार संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे.’