एका बोटाने सरकणारे कप्पे

गुरुवार, संध्याकाळ. चिखली.

जीपमधले कप्पे आज झाले. एकात गुरांची औषधं, दुसऱ्यात अवजारं. जुन्या कप्प्यांच्या लोखंडी पट्ट्यांत शेतरस्त्याची धूळ बसायची, आणि ते ओढताना माझा उजवा खांदा जीव काढायचा. गायीने लाथ मारली तेव्हापासूनचं हे. कुणाला सांगितलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरचाच हात गेला म्हटल्यावर कोण बोलावेल?

सुतारकाम करणाऱ्या रशीदचाचांनी लोखंड काढून भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लास्टिक पाटाच्या पट्ट्या कापून बसवल्या, वर मेण घासलं. भरलेला कप्पा एका बोटाने बाहेर आला. एका बोटाने!

"चाचा, मुठी डावीकडं काऊन लावल्या?" मी विचारलं.

"माप घेताना तुमी चारही खेपा जुना कप्पा डाव्या हातानंच ओढला, बाई. मी कोनाले सांगत नाही. पन दाखवून घ्या."

"मले काही नाही झालं," मी म्हणाले. माणूस इतकं बघतो, आणि मी त्याच्याशी खोटं बोलते.

जानेफळला गाय विताना अडली आणि वासरू गेलं, तेव्हा मालकाला म्हणाले, तुम्ही उशिरा बोलावलं. खरंच उशीर झाला होता? की माझ्या हातात ओढायला जोरच नव्हता? कप्पा एका बोटाने येतो, वासरू येत नाही.

आत्ताच देऊळगाव राजाच्या डॉक्टरांना फोन केला. अडलेल्या गायी काही दिवस तुम्ही पाहा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं.

"खांदा गेलाय," मी म्हणाले. "आणि एक वासरूही."