चोवीस गेज, सव्वीस गेज

३ जून, शुगर लँड

आज मकरंदसाठी कॉइल वळली. मी!

पंचवीस वर्षं सिगरेटवरून भांडले, मग तीन वर्षं या व्हेपवरून, म्हणजे ई-सिगरेटवरून. आणि आज गॅरेजमधल्या त्याच्या टेबलाशी बसून बारक्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळत होते. एप्रिलमध्ये शिडीवरून पडल्यापासून त्याचं उजवं मनगट प्लेट घालून बसलंय. अंगठा आणि पहिलं बोट अजून एकमेकांना टेकत नाहीत. निकोटिनचा द्रव तापवून वाफ करणारी ही तार तो स्वतःच वळायचा; वळून ठेवलेल्या संपल्या, आणि तयार कॉइल त्याच्या यंत्रात बसत नाही.

"वैशू, प्लीज. नाहीतर परत सिगरेटचं पाकीट आणेन मी."

धमकीसारखं म्हणाला असता तर उठून गेले असते. पण त्याचा चेहरा घाबरलेला होता.

चोवीस गेजची तार, आठ वेढे, ०.७ ओहम. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये अर्धं करिअर गेलं, त्यापुढे हे म्हणजे खेळणं. तरी पहिल्या दोन कॉइल वाकड्या झाल्या. म. शेजारी उभा राहून सूचना देत होता. कधी नव्हे ते नम्रपणे.

५ जून

हाताच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे. हाड सांधायला हवं तितकं सांधत नाहीये. डॉक्टरांनी विचारलं, स्मोक करता का? निकोटिनने हाड उशिरा जुळतं.

म. म्हणाला, "सिगरेट सोडून तीन वर्षं झाली."

खरं. आणि अर्धंच. मी बाजूच्या खुर्चीत पर्स धरून बसले होते.

गाडी मीच चालवत होते. म्हटलं, "व्हेपचं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सिगरेटचं विचारलं."

"निकोटिन म्हणाले ते."

त्याने डाव्या हाताने एसी वाढवला.

९ जून

त्याच्या ड्रॉवरमध्ये तारेची चार रिळं आहेत. बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. आकडा वाढतो तशी तार बारीक. जाड तार तापायला वेळ घेते, पण अंग मोठं म्हणून वाफ भरपूर. बारीक तार चटकन तापते, वाफ थोडी. म. ला चोवीसच लागते.

चहा घेताना विचारलं, "सव्वीसची करून बघू? वाफ कमी, निकोटिनही कमी जाईल."

"कमी वाफेत काही मजा नाही यार."

"आणि हाडाचं काय?"

"जुळेल हाड. तू डॉक्टर नको होऊस."

१२ जून

ईशाचा फोन, मॉरिसव्हिलहून. आमची लेक फार्मासिस्ट आहे, तिच्यापासून असलं काही लपत नाही. बाबा कसा आहे विचारलं, मी भरभर सगळं सांगून टाकलं.

"ममा, वेट. यू आर मेकिंग इट फॉर हिम?"

"त्याला जमत नाही गं."

"एक्झॅक्टली. ही कान्ट. सो डोन्ट."

इतकं सोपं? मी नाही केली तर तो कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात जाऊन सिगरेटचं पाकीट आणेल. तीन वर्षं टिकवलेलं जाईल. हे तिला सांगितलं. मग, "आय डोन्ट नो, ममा." तिच्या तोंडून हे फार क्वचित ऐकलंय.

१४ जून

केलं.

सव्वीस गेजची तार घेतली, वेढे पाचच. ओहम तेवढेच, ०.७. यंत्राच्या पडद्यावर त्याला रोजचाच आकडा दिसणार. द्रव शोषणारा कापूस भरला, यंत्राची टोपी लावली, त्याच्या हातात दिली.

"परफेक्ट," म्हणाला.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर जरा हुशार वाटलं.

१७ जून

वाफ कमी झालीय, दिसतंय. पण आता तो जास्त वेळा ओढतो. पूर्वी जेवणानंतर मागच्या अंगणात एकदा जायचा, आता तीनदा. बाहेर इतकं दमट की चष्म्यावर लगेच धुकं येतं, तरी जातो. मग निकोटिन कमी गेलं की तेवढंच? मोजायला माझ्याकडे काही नाही.

घसा खवखवतो म्हणाला. पोलनची अ‍ॅलर्जी असेल म्हटलं. मीच.

१९ जून

संध्याकाळी अंगणातून खोकल्याचा आवाज. थांबेचना. धावत गेले तर म. खुर्चीच्या पाठीला धरून वाकलेला, डोळ्यांत पाणी. "जळकं... जळकं लागतंय," एवढंच म्हणाला. पाणी दिलं, पाठ चोळली. दहा मिनिटांनी शांत झाला.

आत येऊन टोपी उघडली. कापूस मधोमध काळा.

उभ्या उभ्या कळलं. ओहम तेवढेच ठेवले, त्याने यंत्रावर वॅट तेवढेच ठेवले. पण तार बारीक, वेढे कमी, म्हणजे तापणारं अंग निम्म्यावर आलेलं. तेवढीच उष्णता निम्म्या अंगातून, म्हणजे दुप्पट ताप. हे मी नव्या पोरांना ऑफिसमध्ये शिकवते. पडद्यावरच्या आकड्याला फसू नका म्हणते. आणि पाच दिवस नवऱ्याला जळका धूर दिला, त्याच्याच भल्यासाठी.

२० जून

सांगितलं. सकाळी, ब्रेकफास्टच्या टेबलाशी. गोल गोल न बोलता.

त्याने टोस्ट खाली ठेवला. "कधीपासून?"

"शनिवारपासून."

"मी परफेक्ट म्हणालो होतो."

"हो."

"तेव्हा हसली होतीस तू."

तो उठून वर गेला. दिवसभर वर्क फ्रॉम होम, दार बंद.

२१ जून

अबोला. जेवण वर नेलं. ताट रिकामं परत आलं, एवढंच.

व्हेप टेबलावर तसाच, उघडा. पेट्रोल पंपावर गेला नाही. मी गाडीची किल्ली जागेवर आहे का ते दोनदा पाहिलं. याचीही लाज वाटली.

२३ जून

म. स्वतः गॅरेजमध्ये आला. मी ड्रायरमधून कपडे काढत होते. समोर स्टूल ओढून बसला.

म्हणाला, "मी डॉक्टरांशी अर्धं बोललो, तू माझ्याशी अर्धं बोललीस. तुझं जास्त लागलं मला. का ते नाही माहीत."

मी म्हटलं, "कारण श्वास तुझा होता."

मग त्यानेच ड्रॉवर उघडला. "आता नीट सांग. इंजिनीअरसारखं. काय केलं तर काय होईल?"

सांगितलं. चोवीस म्हणजे आहे तेच. सव्वीस घ्यायची तर वेढे वाढवायचे आणि वॅट उतरवायचे, नाहीतर परत जळेल. अठ्ठावीसला वाफ अगदीच थोडी, पण मग दहा वेळा ओढलंस तर काही उपयोग नाही. तारेने व्यसन सुटत नाही, मकरंद. ती फक्त वाफ कमीजास्त करते.

"ते माहितीये." मग हळूच, "सव्वीस. सात वेढे. वॅट मी उतरवतो, तू बघ."

मी वळली, त्याने पाहिली. पडद्यावर जवळजवळ एक ओहम आला. वॅट वीसवर आणले त्याने. पहिला झुरका घेतला, तोंड वाकडं केलं, पण खोकला नाही.

डॉक्टरांना व्हेपबद्दलची ईमेल त्याने माझ्यासमोर लिहिली. डाव्या हाताने, एका बोटाने. मी स्पेलिंगही दुरुस्त केलं नाही.

१६ जुलै

एक्स-रे. जुळायला लागलंय. डॉक्टर व्हेपवरून रागावले नाहीत, फक्त म्हणाले, शून्यावर आणा. म. "ट्राय करतोय" म्हणाला. दिवसाला किती वेळा ते विचारल्यावर खरा आकडा सांगितला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होता.

अंगठा आणि बोट आता टेकतात. थेरपिस्ट बारीक कामं करा म्हणाली.

२० जुलै

दुपारी म. म्हणाला, "आजची मी वळतो."

अर्धा तास लागला. तार दोनदा सुटली, एकदा शिवी हासडली. मी दारातून पाहत होते. पुढे होऊन धरावंसं वाटलं, हात मागे बांधून उभी राहिले. शेवटी जमली. वाकडी, वेढे विरळ. पण त्याची.

मला हायसं वाटायला हवं. आता कुठली तार, किती वेढे, काही माझ्या हातात नाही. महिनाभर वाटत होतं, त्याचा श्वासच मी हातात धरलाय.

तो अंगणात गेला. टेबलावर कापलेल्या तारेचा एक तुकडा पडला होता. जाडी मोजायचं कॅलिपर शेजारीच होतं. मोजलं असतं तर चोवीस की सव्वीस, एका मिनिटात कळलं असतं.

उचलून कचऱ्यात टाकला.