कॅटलॉगमधली बाई

प्रिय सुतळी,

काल तुला न सांगता तुझं प्रदर्शन पाहून आलो. तू बोलावलं होतंस त्या दिवशी आलो असतो, पण तुझ्या पाहुण्यांशी काय बोलावं हे मला सुचलं नसतं. गुलाबी साटिनची अख्खी खोली उभी केलीस, भिंतींनासुद्धा गादीसारखी बटणं. मी सोफे शिवणारा माणूस, आधी टाकेच पाहिले. कोपऱ्यातल्या चुण्या सफाईदार आहेत. मग आरशापुढची कापडाची बाई दिसली. कंबर मुठीत मावेल एवढी, हात मांडीवर, कपाळावर आठी म्हणून नाही. खाली लिहिलं होतंस, 'माझ्या आईची खोली'. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "किती सुखात दिसते ना." मी बाकावर बसलो तो पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं तरी उठलो नाही.

सात वर्षांची असताना तू विचारलंस, आई कशी दिसायची? फोटो मी रागात फाडले होते. हाताशी सोफ्यांचा कॅटलॉग होता. त्यातल्या बाईवर बोट ठेवून म्हणालो, "अश्शी." तू ते पान कापून उशीखाली ठेवलंस. मला वाटलं, पोर आहे, विसरेल.

तुझी आई तशी नव्हती गं. माझा जुना शर्ट चढवून कामाला बसायची, तोंडात खिळे धरून गुणगुणायची. ज्या चुण्या मी तुला शिकवल्या, त्या मला तिने शिकवल्या. दुकानाच्या पाटीवर आपलंही नाव हवं, असं ती म्हणाली तेव्हा मी गिऱ्हाइकांदेखत हसलो. तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

लोकांना मी एवढंच सांगायचो, "ती गेली." ऐकणारे हळहळायचे, आणि मी त्यांना हळहळू दिलं. तुलाही. ती खरंच गेली होती, पण बॅग घेऊन, तू दोन वर्षांची असताना. तुला न्यायला परत आली तेव्हा मी दार उघडलं नाही. तिची पत्रं यायची, मी एकालाही उत्तर दिलं नाही. ती जिवंत आहे, स्वतःचं दुकान चालवते. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू आधी तिच्याकडे जाऊन ये. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मग ठरव.

नातं ठेवलंस तर तुझाच,
बाबा