ताईच्या लॅपटॉपची तांत्रिक बाजू

३ एप्रिल
ताईला संधी मिळाली! विमा कंपनी. ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलने उत्तरं द्यायची. परीक्षा घरूनच, सतरा तारखेला. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी तिला 'कळवतो' न म्हणता तारीख दिली. बाबा म्हणाले की बस चालवून माझी पाठ गेली, आता गाडा तू ओढ. ताई हसली. मग बराच वेळ बोटं मोडत बसली.

मी जाहीर केलं की तांत्रिक बाजू माझ्याकडे. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. विषय इतिहास होता, पण डोकं ते डोकंच.

५ एप्रिल
ताईच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर आहे. स्क्रीनवरचं सगळं तो बोलून दाखवतो, ताई ऐकून काम करते. पण बोलतो कसा? मागे कुत्रं लागल्यासारखा. ती आंघोळीला गेल्यावर वेग कमी केला. स्पष्ट, सुसंस्कृत आवाज झाला. ताई म्हणाली की हा आता आजारातून उठल्यासारखा बोलतोय, माझा मला परत दे. दिला. सुधारणा लोकांना लगेच पचत नाहीत.

८ एप्रिल
अपडेट केलं. परीक्षेआधी सगळं अद्ययावत हवं.

दुपारी: आवाज बंद.

संध्याकाळी: अजून बंद. अपडेटचा आणि याचा संबंध असेलच असं नाही.

९ एप्रिल
हेल्पलाइन. पाऊण तास संगीत. मग तिथली बाई म्हणाली की स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा. ताई म्हणाली की ते दिसत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? बाईंनी माफी मागितली आणि तक्रार वेबसाइटवर नोंदवायला सांगितली. तिथे आपण माणूस असल्याचं सिद्ध करायला चित्रांतल्या मोटारी ओळखाव्या लागतात. ताईऐवजी मी ओळखल्या. दोनदा नापास. एक ट्रक निघाला.

११ एप्रिल
दुरुस्तीचं दुकान. दुकानदाराने गाणं लावलं आणि म्हणाला की आवाज ठणठणीत आहे. मी स्क्रीन रीडर म्हणजे काय ते समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, ताईकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाला की यांना मोठा स्क्रीन घेऊन द्या. ताई म्हणाली की दादा, माझे कान शाबूत आहेत.

घरी आल्यावर ताई मुका लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करत बसली. मी मागून पाहिलं. पानभर एकच: बोल ना बोल ना बोल ना.

मी म्हटलं, बोलेल गं. ती दचकली. म्हणाली की तू मागे उभी राहून वाचतेस?

काळजीपोटी वाचते. त्यात काय.

१३ एप्रिल
एक वकीलसाहेब सापडले. स्वतः जन्मांध. अशा कामात फोनवरून मदत करतात. फी घेत नाहीत, पण तोंड फटकळ. मी सांगितलं की खाली कोपऱ्यात निळं चित्र आहे, शेजारी बाण. ते म्हणाले की बाई, निळं कशाशी खातात ते मला ठाऊक नाही, लॅपटॉप कुणाचा? तिला फोन द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.

गेले. आई म्हणाली की आलीच आहेस तर कांदा चिर. दुसरा कांदा चिरत होते तोच आतून आवाज आला. तोच, कुत्रं मागे लागलेला! आई हातातली पळी घेऊनच धावली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याने.

अपडेटमध्ये एक सेटिंग बदललं होतं म्हणे. म्हणजे अपडेटपर्यंत मी पोचलेच होते.

त्यानंतरही ते दोघं बराच वेळ बोलत होते. विचारलं तर ताई म्हणाली की एक युक्ती शिकवली, तुझ्या कामाची नाही.

१६ एप्रिल
संकल्प: उद्या कशालाही हात लावायचा नाही. अगदीच आणीबाणी आली तर गोष्ट वेगळी.

१७ एप्रिल, सकाळी
आणीबाणी आली. परीक्षा अर्ध्यावर असताना दार हळूच उघडलं. ताई हेडफोन लावून टाइप करतेय आणि समोर स्क्रीन काळा ठिक्कर! बिचारीला पत्ताच नाही. मेलेल्या यंत्रावर जीव तोडून उत्तरं लिहितेय. हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने? मागून हात घातला, बटण दाबून धरलं, बंद करून पुन्हा चालू केलं. स्क्रीन उजळला. वाचवलं!

दुपारी
ती युक्ती ही. कळा दाबल्या की स्क्रीन काळा होतो, आत काम चालूच राहतं. मागे उभं राहून कुणी वाचू नये म्हणून.

दहापैकी आठ उत्तरं झाली होती. सगळी गेली.

हे मला आधी सांगायला नको?

ताई हेडफोन काढून घडी घातल्यासारखी बसून राहिली. बाबा ड्युटीवरून आले, आईने त्यांना दारातच गप्प केलं. ताट कुणीच पुरं केलं नाही.

१९ एप्रिल
कंपनीने ताईला फोन करून विचारलं की तांत्रिक अडचण आली होती का. ती हो म्हणाली. आणखी एक संधी दिली, शेवटची, चोवीस तारखेला. त्याआधी अडचणीचा बंदोबस्त करा, म्हणाले. मी लगेच कामाला लागणार होते. ताई म्हणाली की राहू दे, बंदोबस्त झालाय.

मन भरून आलं. स्वावलंबी होतेय.

२४ एप्रिल
आत्याच्या घरी आहे. काल बाबांनी त्यांच्याच बसने आणून सोडलं. वाटेत म्हणाले की तुझा जीव आहे तिच्यावर, माहीत आहे गं, पण तो जरा लांबून लाव.

संध्याकाळी ताईचा फोन. दहाच्या दहा उत्तरं पोचली. आवाज किती मोकळा होता तिचा! मी विचारलं की मग उद्या परत येऊ? ती म्हणाली की निकाल लागू दे.

आत्याचा फोन फारच जुना आहे. अपडेट कधीच केलेलं दिसत नाही. मघाशी तेवढं म्हटलं, तर आत्या फोन घेऊनच आंघोळीला गेली.